सिमोन मिस्त्रींचं ‘हो’

शहाद्याला प्रकाशा रोडवर पत्र्याच्या गाळ्यांची रांग आहे, तिच्यात चौथा गाळा माझा. झेरॉक्स, टायपिंग, अर्ज लिहून मिळतील. पाचवा गाळा सिमोन मिस्त्रींचा होता. दोघांच्या मध्ये एकच पत्रा. अठरा वर्षं त्या पत्र्याच्या अलीकडे मी बसले आणि पलीकडे त्यांनी हातोडा मारला. खोटं कशाला बोलू, पहिली दहा वर्षं मी या माणसाला रोज मनातल्या मनात शिव्या दिल्या. रोज म्हणजे रोज. रविवारी ते प्रार्थनेला जायचे म्हणून तेवढी सुट्टी.

त्यांचं काम पाट्यांचं. पाटा म्हणजे ट्रकच्या नाहीतर ट्रॉलीच्या चाकावर एकाखाली एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्या झेलतात. उसाच्या सीझनला गाड्या अशा काही भरतात की पट्टी तुटतेच. मग पाटा उतरवायचा, आणि उतरवायचा तर त्याला धरून ठेवणाऱ्या पिना आणि बोल्ट आधी काढायचे. ते निघत नाहीत. शेतातला चिखल, उसाचा रस, चार पावसाळे, सगळं पिऊन ते आतल्या आत गंजून बसलेले असतात. दुसरे गॅरेजवाले गॅस कटर लावतात आणि कापून मोकळे होतात. सिमोन मिस्त्री कापत नसत. साबूत निघू शकेल ते कापायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली त्यांच्याकडे होती, झाकणाला भोक पाडलेली. तिच्यात डिझेल. गाडी आली की आधी खाली सरकून प्रत्येक बोल्टाला चार थेंब पाजायचे आणि बाहेर येऊन पोत्यावर बसायचे.

‘‘आते पिऊ दे त्याले,’’ ड्रायव्हरला सांगायचे.

‘‘मिस्त्री, माले आत्तेच जानं शे,’’ ड्रायव्हर कावलेला.

‘‘हो,’’ म्हणायचे आणि बसूनच राहायचे.

मग काम सुरू. उजव्या हातात हातोडा, डाव्या हाताचा पंजा पाट्यावर पसरलेला. जोराने नाही मारायचे. एकसारखं, एकाच मापाने, पंचवीस-तीस ठोके. मग थांबायचे. पंजा तसाच लोखंडावर. आणि त्या बोल्टालाच विचारायचे, ‘‘काय बोलना?’’ उत्तर पसंत पडलं नाही तर पुन्हा बाटली, पुन्हा पोतं. मी पत्र्याच्या फटीतून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, माय वं, हा तर वेडाच निघाला.

निघालेला बोल्ट फेकायचे नाहीत. पुसून, ज्याचा नट त्यालाच फिरवून लावायचे आणि तारेत ओवून भिंतीवर टांगायचे. त्या जुन्या बोल्टांचा कुणाला काही उपयोग नव्हता. मी एकदा विचारलं, हे कशाला हो जमवता? ते म्हणाले, ‘‘हो, ताई.’’

हे ‘हो, ताई’ फार ऐकलं मी. ते मूळचे नवापूरकडचे, चिंचपाड्याच्याही पुढे डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. घरी कोकणी, म्हणजे तिकडच्या डोंगरातली बोली, ड्रायव्हरांशी आमची अहिराणी, आणि माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातली मराठी, ‘आपण’ वगैरे लावून. बायको मार्थाबाई गावाला, भाताची थोडी शेती बघायची. हे इथे गाळ्यातच मागच्या बाजूला खाट टाकून राहायचे. नाताळला गावी जायचे आणि चौथ्या दिवशी हजर.

आता तक्रारीची गोष्ट सांगते, म्हणजे माझा स्वभावही कळेल. परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे झेरॉक्सला रांग लागते. गिऱ्हाईक काय म्हणतं ते मला ऐकू येईना. मी तीन वेळा पलीकडे गेले, ‘‘मिस्त्री, तासभर बंद ठेवा.’’ ‘‘हो, ताई.’’ मी खुर्चीवर येऊन टेकते न टेकते तोच ठण ठण सुरू. चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं. मी लोकांचे अर्ज लिहिते, मग माझा का नको? टाइप केला. मा. मुख्याधिकारी साहेब, विषय : पाचव्या गाळ्यातील कर्कश आवाजाबाबत. शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. सगळ्यांच्या घेतल्या आणि रागाच्या भरात शेवटी त्यांच्याच पुढे कागद धरला. बघू तरी तोंड कसं होतं. ‘‘तुमच्याविरुद्ध आहे, करा सही,’’ असं मी तोंडावर सांगितलं. ‘‘हो, ताई,’’ म्हणाले. हात पुसले, पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात सही केली, सिमोन वसावे. स्वतःच्याच विरुद्ध. वाचलंसुद्धा नाही.

मी तो अर्ज घेऊन परत आले आणि खणात टाकला. असला अर्ज कुठल्या तोंडाने देणार?

तेव्हा वाटलं, एक नंबरचा कोडगा आहे. चहावाल्याने विचारलं साखर कमी करू का, हो. फिका चहा निमूट प्यायचे. निवडणुकीला तीन पक्षांची माणसं एकाच दुपारी येऊन गेली, तिघांनाही हो. मला हसूही यायचं आणि चीडही.

मग एक दिवस ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून पट्ट्या साफ करत होते आणि मागून एक ट्रक रिव्हर्स येत होता. हॉर्न असा की माझ्या दाढा दुखल्या. हे हलेनात. मी धावले, शर्ट धरून त्यांना ओढलं, दोघंही खाली पडलो. ट्रक त्यांच्या पट्ट्यांवरून गेला. मी भांडायला तोंड उघडलं आणि बघितलं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. लहान मूल बघतं तसं, आता ही काय म्हणणार म्हणून.

मी हळूच म्हटलं, ‘‘मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही?’’

‘‘हो, ताई,’’ ते म्हणाले. आणि मग माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं की मी काय विचारलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

जवळजवळ काहीच येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या हातोड्याने कान गेले होते. समोरचा काय म्हणतो ते ओठांवरून थोडंफार कळे, बाकीचं ‘हो’वर निभावून नेत. आणि लोखंडाचं ते डाव्या पंजाने ऐकत. पिन सुटायला आली की पाट्यात वेगळा कंप येतो म्हणाले, तो तळव्याला कळतो.

‘‘कुणाला सांगू नका, ताई. गाडीखालचं काम आहे. वरचा माणूस ओरडला तर खालच्याला ऐकू यायला हवं. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणील?’’

मी वचन दिलं. आठ वर्षं पाळलं. त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या एवढंच, डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं.

त्यांना गावी जायचं होतं. एका सीझनपुरते म्हणून शहाद्याला आले होते, माझ्याही गाळ्याच्या आधी. दरवर्षी कारखान्याचं धुराडं बंद व्हायची वेळ आली की मला सांगायचे, ‘‘या सीझननंतर गावी, ताई. मार्थाला शब्द दिलाय. यंदा भात मीच लावणार.’’ भांडी बांधून ठेवायचे. आणि मग कुणीतरी ड्रायव्हर, कुणीतरी ट्रॉलीवाला दारात येऊन विचारायचा, ‘‘पुढच्या सीझनले शेतस ना मिस्त्री?’’ त्यांना ओठ कळले नाहीत तर ‘हो’, आणि कळले तरी ‘हो’. इतक्या वर्षांत ‘नाही’ म्हणायची सवयच गेली होती. एकदा ‘हो’ म्हटलं की शब्द मोडायचा नाही, हाही हट्टच. भांडी परत सुटायची. मी पत्र्यापलीकडून त्यांचा तो डब्यांचा आवाज ऐकायचे आणि मला वाटायचं, काय हा माणूस, ‘हो’ म्हणून म्हणून स्वतःला अडकवून घेतो. मी तरी कुठे सुटले होते म्हणा. माझं माहेर प्रकाशा, इथून फार लांब नाही, पण दुकान बंद ठेवून तिथे मुक्कामाला जायला मला वर्षवर्ष जमत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. दुपारचे बारा-साडेबारा. ट्रक उसाचा, ड्रायव्हर कैलास म्हणून, चांगला पोरगा पण घाई फार. गाडी मागून जॅकवर उचललेली. मिस्त्रींचा नियम होता, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, खाली लोखंडी घोडी लावायची. घोड्या त्यांच्याकडे दोन, दोन्ही त्या दिवशी शेजारच्या ट्रॉलीखाली होत्या. कैलासने एक काढून आणायची होती. त्याला वाटलं मिस्त्रींनी लावली. त्याने विचारलं, ‘‘मिस्त्री, घोडी शे ना खाले?’’

‘‘हो,’’ मिस्त्री म्हणाले.

मी हे पत्र्यातून ऐकलं. मला त्या ‘हो’चा अर्थ माहीत होता. सगळ्या शहाद्यात मला एकटीला माहीत होता. पण समोर एक बाई जातीच्या दाखल्याची झेरॉक्स मागत होती, मशीनमध्ये कागद अडकला होता, आणि मी उठले नाही. एवढी प्रत काढते आणि जाते, असं म्हटलं.

प्रत निघायच्या आत कैलास ओरडला, ‘‘मिस्त्री, हात काढा, जॅक बठी ऱ्हायना.’’

मी धावले. मिस्त्री गाडीखाली पोत्यावर उताणे पडलेले. पाट्याची पुढची पिन निघाली होती. पाट्याचं मागचं टोक शॅकलमध्ये असतं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चेसीला, लोंबणाऱ्या एका झुलत्या लोखंडी कडीत. जॅक बसला तसा पाटा सरकला, शॅकल फिरली आणि तिने त्यांचा डावा पंजा चेसीशी दाबून धरला. कैलासने लाकडी ठोकळे कोंबून गाडी आहे तिथे रोखली होती. मिस्त्रींच्या तोंडातून आवाज नाही, नुसता घाम.

माणसं जमली. उचला, उचला, म्हणायला लागली. कैलासने दुसरा जॅक आणून लावला, दांडा हातात घेतला आणि वाकून विचारलं, ‘‘मिस्त्री, उचलू का?’’

‘‘हो.’’

कैलासने दांड्यावर जोर दिला. मी मिस्त्रींचे डोळे बघितले. घाम डोळ्यांत गेला होता, त्यांना कैलासचे ओठ दिसतच नव्हते.

‘‘थांब,’’ मी ओरडले. ‘‘त्यांना ऐकू येत नाही. काहीच येत नाही. ते नुसतं हो म्हणतात.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आठ वर्षांचं वचन मी असं भर रस्त्यावर मोडलं. मग मी खाली वाकले, पदराने त्यांचे डोळे पुसले, त्यांच्या खिशातला खुणा करायचा खडू काढला आणि शेजारी पडलेल्या तुटक्या पट्टीवर लिहिलं : उचलायची?

त्यांनी वाचलं. ‘‘नाही,’’ म्हणाले. ‘‘अजिबात नाही.’’

त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. उचलली तर पाट्याचं आणि चाकांचं सगळं वजन शॅकलला ओढणार, पंजा तुटणार. खाली सोडली तर चेसीच बसणार. हे त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल सांगावं तसं शांतपणे सांगितलं. कुणीतरी गॅस कटरवाल्याला बोलावून आणलं होतं. मी लिहिलं : गॅस? ‘‘नाही. सगळीकडे डिझेल सांडलंय, पेट घेईल.’’ एकच रस्ता होता, शॅकलची पिन ठोकून काढायची. आणि ती आतून गंजलेली.

‘‘बाटली द्या कैलासला,’’ ते म्हणाले. ‘‘चार थेंब. मग पिऊ द्या.’’

हात अडकलेला माणूस सांगतो, पिऊ द्या. मी तिथेच डोकं गाडीखाली घालून मातीत बसले. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने पाणी पाजलं. लिहिलं : दुखतं?

‘‘हो,’’ म्हणाले, आणि हे ‘हो’ खरं होतं. मला रडू आलं. मी त्यांना सांगणार होते की मी ऐकलं होतं, मी उठले नाही. पण ते खडूने पट्टीवर कसं लिहिणार? माझ्याकडे बघून मिस्त्रीच बोलत राहिले. गावाच्या ओढ्यात यंदा पाणी टिकलंय. मार्था एकटी बांध घालते. माझ्या लक्षात आलं, ते बोलताहेत कारण गप्प बसले तर सोसवणार नाही.

मग कैलासने ठोकायला घेतलं. प्रत्येक ठोका त्यांच्या हातात जात होता, डोळे घट्ट मिटून घेत होते. पंचवीस झाले तसे त्यांनी उजवा हात वर केला. थांबला कैलास. आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘काय बोलना?’’

पण ऐकणारा पंजाच तिकडे दाबलेला. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळवले. ‘‘ताई, काय बोलना?’’

मी काय सांगणार, असं वाटलं क्षणभर. पण मला येत होतं. दहा वर्षं शिव्या देत आणि पुढची आठ डोकं धरून मी दुसरं काय ऐकलं होतं? गंजलेल्या पिनेचा आवाज भरल्या पोत्यावर मारल्यासारखा येतो, ठप ठप. सुटायच्या जरा आधी त्यात एक बारीक ठण्ण मिसळते. मी दुकानात बसून तिचीच वाट बघायचे, कारण तिच्यानंतर शांतता व्हायची. आता तसलं काही आलं नव्हतं.

मी लिहिलं : अजून नाही.

पुन्हा डिझेल, पुन्हा थांबणं. कैलास रडायला आला होता. तो जोरात मारायला लागला की मी ओरडायचे, ‘‘जोरात नको, एकसारखं मार, त्यांच्यासारखं.’’ दुसरी फेरी, तिसरी. ठप ठप. मिस्त्रींचे ओठ पांढरे पडले. चौथ्या फेरीत सतराव्या ठोक्याला आवाज उघडला. एवढीशी ठण्ण. बाकी कुणाला कळली नाही. मी हात वर केला आणि मिस्त्रींकडे बघून मान हलवली. बोलली पिन.

‘‘आता तीन जोरात,’’ ते म्हणाले.

तिसऱ्याला पिन बाहेर उडाली, शॅकल मागे झाली आणि हात सुटला. अडीच तास झाले होते. त्यांना जीपमध्ये घातलं तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, ‘‘पिनेला तिचाच नट लावून ठेवा, ताई.’’

दोन बोटं गेली. पंजा राहिला, पण त्यात जाणीव राहिली नाही. दीड महिन्याने ते परत आले आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर एका पाट्यावर डावा पंजा ठेवला. उचलला, फडक्याने पुसला, पुन्हा ठेवला. बराच वेळ तसेच उभे होते. मी पत्र्याच्या फटीतून बघत होते आणि मला माझ्या गाळ्यात बसवेना.

ड्रायव्हर यायचे, मोठ्याने ओरडून तब्येत विचारायचे आणि गाडी रांगेच्या टोकाच्या गॅरेजला न्यायचे. कैलास तेवढा यायचा, उगाच ग्रीस भरून घ्यायला. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणील, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. आणि ते बहिरे आहेत हे सगळ्यांना सांगणारी मी होते. त्याच्या आधी न उठणारीही मीच.

शेवटी एका दुपारी मी टाइप करायला बसले. दुसरं काही मला येत नाही. प्रति, श्री. सिमोन वसावे. विषय : माफी मिळणेबाबत. त्या दुपारी काय ऐकलं, का उठले नाही, सगळं लिहिलं. पलीकडे जाऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, उभ्यानेच पूर्ण वाचलं, मागच्या ओळींवर परत गेले. मग पेन मागितलं. खाली लिहिलं, ‘वाचले’, आणि त्याच वळणदार अक्षरात सही केली. कागद मला परत दिला. तो आणि जुना तक्रारीचा, दोन्ही माझ्या खणात एकत्र आहेत.

जूनच्या आधी त्यांचा पुतण्या पिकअप घेऊन आला. खाट, भांडी, हातोडे चढवले. बोल्टांच्या तारा मात्र भिंतीवरच राहू दिल्या. त्या वर्षी कुणी दारात येऊन विचारलं नव्हतं, पुढच्या सीझनले शेतस ना. मी बाहेर येऊन उभी राहिले. मला खूप बोलायचं होतं आणि तोंडातून आलं ते तेवढंच, ‘‘परत याल ना, मिस्त्री?’’

‘‘हो, ताई,’’ ते म्हणाले.

पुतण्याने गाडी चालू केली. मी म्हटलं, थांब रे जरा. आत गेले, खराब झालेल्या झेरॉक्सचा एक कागद घेतला, पाठीमागे मोठ्या अक्षरात तेच लिहिलं : परत येणार का? आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. वाचलं. माझ्याकडे बघितलं, मागे त्या रिकाम्या गाळ्याकडे बघितलं. मग हसले. मनापासून हसले, अठरा वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

‘‘नाही, ताई,’’ म्हणाले, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवून गाडीत बसले.